आज्ञावली लिहिणाऱ्याचा लॅपटॉप

बारावीचे निकाल लागून संगणकशास्त्राचे आणि अभियांत्रिकीचे प्रवेश सुरू झाले की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. कधी तो विद्यार्थी विचारतो, कधी पालक, आणि पुष्कळदा विद्यार्थ्याचे शाळेतले शिक्षक. "प्रोग्रामिंगसाठी लॅपटॉप घ्यायचा आहे, कोणता घ्यावा?" सोबत दुकानातून आणलेले एक पत्रक असते. त्यावर आकड्यांची दाटी झालेली असते: आय-७, १६ जीबी, ५१२ जीबी, ४.७ गिगाहर्ट्झ, १४ इंच. सर्वांत खाली किंमत. पुष्कळ घरांत ही रक्कम दोन-तीन महिन्यांच्या पगाराएवढी असते आणि यंत्र मात्र पदवीची चार वर्षे पुरवायचे असते. म्हणजे निवड चुकली तर ती सुधारायला पुन्हा पैसे नसतात.

अमुक कंपनीचे तमुक मॉडेल घ्या, असे आम्ही येथे सांगणार नाही. अंक तुमच्या हाती पडेपर्यंत ते मॉडेल बाजारातून गेलेलेही असेल. त्यापेक्षा पत्रकावरचे आकडे कशाचे आहेत आणि आज्ञावली लिहिण्याच्या कामात त्यांतला कोणता आकडा खरोखर उपयोगी पडतो, हे पाहू या. त्यासाठी लागणारे बहुतेक विज्ञान अकरावी-बारावीच्या पुस्तकात आहेच.

बटण दाबल्यावर काय होते?

आज्ञावली लिहिणाऱ्याचा बराच वेळ विचार करण्यात आणि टाइप करण्यात जातो. भराभर टाइप करणारा माणूस सेकंदाला फार तर सात-आठ अक्षरे उमटवील. तेवढ्या वेळात आजचा साधा प्रोसेसरही काही अब्ज क्रिया उरकू शकतो. तेव्हा नुसत्या लिहिण्यासाठी ताकदवान यंत्राची गरज नाही. खरे काम पुढे आहे.

सी किंवा रस्टसारख्या भाषेत लिहिलेली आज्ञावली प्रोसेसरला जशीच्या तशी कळत नाही. तिचे प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करणारी दुसरी आज्ञावली असते, ती म्हणजे कम्पायलर. कम्पायलर प्रत्येक फाइल वाचतो, तिच्यातले शब्द आणि चिन्हे सुटी करतो, वाक्याचे पृथक्करण करावे तशी त्यांची रचना ओळखतो आणि मग प्रोसेसरच्या आज्ञा लिहून काढतो. अशा सगळ्या तुकड्यांना जोडून एक अखंड आज्ञावली करण्याचे काम लिंकर करतो. दहा ओळींच्या आज्ञावलीला हे सारे करायला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागत नाही. पण खऱ्या कामातल्या आज्ञावल्या दहा ओळींच्या नसतात. लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यातच तीन कोटींहून अधिक ओळी आहेत! त्या सगळ्या कोणी एकाच वेळी रूपांतरित करीत नाही, आपल्या यंत्राला लागणाऱ्या तेवढ्याच घेतात. तरी हजारो फाइली होतात.

पायथनसारख्या भाषेत हा टप्पा दिसत नाही. मात्र तिथेही चाचण्या चालवाव्या लागतात, आणि त्या संपेपर्यंत थांबावे लागतेच.

असे थांबणे दिवसातून एकदा नव्हे, चाळीस-पन्नास वेळा घडते. थोडे बदलले, चालवून पाहिले, चूक दिसली, पुन्हा बदलले, असे हे काम आहे. समजा एका यंत्रावर दर वेळी दोन मिनिटे लागतात आणि दुसऱ्यावर अर्धे मिनिट. दिवसात पन्नास वेळा म्हटले तर फरक पडतो ७५ मिनिटांचा. त्याहून मोठे नुकसान वेगळेच आहे. अर्धे मिनिट माणूस पडद्याकडे पाहत थांबतो, पण दोन मिनिटे लागणार म्हटल्यावर तो फोन हातात घेतो. विचाराचा धागा तुटतो आणि शिकणाऱ्याच्या बाबतीत तर तो पुन्हा जुळायला फार वेळ लागतो. लॅपटॉपवर जास्तीचे पैसे खर्च करण्याचे समर्थन द्यायचेच तर ते एवढेच आहे.

मिसळणाचा डबा आणि तुरीचे पीक

पत्रकावर जीबीचे दोन आकडे असतात. १६ जीबी ही मेमरी आणि ५१२ जीबी ही साठवण. दोन्हींत माहितीच राहते, मग फरक काय? फरक माहिती हाती लागायला किती वेळ लागतो यात आहे, आणि तो इतका प्रचंड आहे की नुसते आकडे वाचून कळत नाही.

प्रोसेसरच्या आत कॅश नावाचा एक अगदी छोटा साठा असतो. त्यातली वस्तू साधारण एका नॅनोसेकंदात मिळते. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, तेवढ्यात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो. वर्गातली पट्टी दाखवून हे सांगता येईल. बाहेरच्या मेमरीतून माहिती आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडी या प्रकारच्या साठवणीतून आणायला ५० ते १०० मायक्रोसेकंद. आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून? लॅपटॉपमधली अशी तबकडी मिनिटाला बहुधा ५४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, शिवाय वाचणारा दांडा योग्य वर्तुळावर सरकायला वेळ लागतो तो वेगळा. सगळे धरून १५ मिलिसेकंद.

आता नॅनोसेकंदाला सेकंद माना आणि स्वयंपाकघरात चला. कॅश हा ओट्यावरचा मिसळणाचा डबा. हात घातला की एका सेकंदात हळद हाती. मेमरी म्हणजे आतल्या खोलीतले फडताळ, शंभर सेकंदांत जाऊन येता येते. एसएसडी हा तालुक्याचा बाजार, १,००,००० सेकंद म्हणजे सुमारे २८ तास. आज निघावे, उद्या परत यावे. आणि हार्ड डिस्क? दीड कोटी सेकंद, म्हणजे १७४ दिवस. डाळ हवी म्हणून शेतात तूर पेरायची आणि पीक निघेपर्यंत चूल थांबवून ठेवायची!

मेमरी कमी पडली की काय होते ते यावरून कळेल. कार्यप्रणाली काम थांबवीत नाही. ती मेमरीतला सध्या न लागणारा भाग एसएसडीवर नेऊन ठेवते आणि लागला की परत आणते. फडताळात मावेना म्हणून अर्धे सामान तालुक्याला ठेवल्यासारखे हे आहे. यंत्र बंद पडत नाही, पण एका टॅबवरून दुसऱ्या टॅबवर जाताना ते अडखळते, आणि वापरणारा दोष देतो बिचाऱ्या प्रोसेसरला.

मग किती मेमरी हवी? हा हिशेब मोजून करण्याजोगा आहे. विंडोज ही कार्यप्रणाली स्वतःसाठी साधारण तीन-चार जीबी घेते. ब्राउझरच्या पंधरा-वीस टॅबांना दोन-तीन जीबी सहज लागतात. आज्ञावली लिहिण्याचे साधन एक-दोन जीबी. एवढ्यानेच आठ जीबी भरत आले, अजून कम्पायलर सुरूही झालेला नाही. मोठ्या सी++ फाइलीचे रूपांतर करताना कम्पायलरची एकेक प्रत शेकडो एमबी, कधी एक जीबीही घेते, आणि आठ फाइलींवर एकाच वेळी काम चालू असेल तर अशा आठ प्रती असतात. अँड्रॉइडचा आभासी फोन किंवा यंत्रात चालवलेली दुसरी आभासी कार्यप्रणाली आणखी दोन-चार जीबी मागते. आमच्या मते पदवीच्या कामाला १६ जीबी हवेत. आभासी यंत्रे किंवा मोठे अँड्रॉइड प्रकल्प हे रोजचे काम असेल तर ३२. आठ जीबींवर शिकता येत नाही असे नाही, पण नवे यंत्र घेताना आठवर थांबू नये. आमच्या शब्दावर विसंबायचेही कारण नाही. ज्याच्याकडे असे काम चालते त्याच्या यंत्रावर टास्क मॅनेजर उघडून दिवसभरात मेमरी कुठवर चढते ते लिहून ठेवा.

याला जोडून एक प्रश्न दुकानात विचारायलाच हवा. मेमरी खाचेत बसवलेली आहे की मदरबोर्डवर सोल्डर केलेली? खाचेतली पट्टी दोन वर्षांनी काढून मोठी घालता येते. सोल्डर केलेली मेमरी वीज कमी खाते, जागा कमी घेते आणि बहुधा वेगवानही असते, म्हणून पातळ लॅपटॉपमध्ये तीच असते. पण ती जन्माची गाठ. अशा यंत्रात सुरुवातीला घेतली तेवढीच मेमरी शेवटपर्यंत. आज कमी घेऊ, पुढे वाढवू हा शहाणपणाचा वाटणारा बेत तिथे चालत नाही. वाढवता येत असली तरी पुढे भाव काय असेल ते सांगता येत नाही. २०२५ च्या अखेरच्या महिन्यांत मेमरीच्या किमती झपाट्याने चढल्या, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या माहिती-केंद्रांकडे मेमरीच्या चिपांचे मोठे उत्पादन वळले होते.

साठवणीबद्दल फार सांगण्याजोगे नाही. एसएसडी हवीच, आणि ५१२ जीबी पुरतात. विद्यार्थी एक शंका मात्र नेहमी काढतात: ५१२ चे पैसे दिले आणि यंत्र ४७६ दाखवते, उरलेले कुठे गेले? कुठेच गेलेले नाहीत. बनवणारा एक जीबी म्हणजे १० चा नववा घात, एक अब्ज बाइट धरतो. विंडोज २ चा तिसावा घात, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. ५१२ अब्जांना या संख्येने भागून पाहा.

गिगाहर्ट्झची शर्यत का थांबली?

जाहिरातीत सर्वांत ठळक आकडा असतो तो प्रोसेसरचा. १९९३ मध्ये आलेला पहिला पेंटियम ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा होता. २००४ मध्ये पेंटियम-४ ने ३.८ गिगाहर्ट्झ गाठले. अकरा वर्षांत जवळजवळ ५८ पट! त्यानंतर वीस वर्षे होऊन गेली, तरी आजचे लॅपटॉप थोड्या वेळापुरते पाच गिगाहर्ट्झच्या आसपास जातात, बस्स.

ही शर्यत थांबली उष्णतेमुळे. प्रोसेसरमधले प्रत्येक दार हे एक चिमुकले धारित्र समजा. ते भरून रिकामे करायला लागणारी ऊर्जा विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दर सेकंदाला हे जितक्या वेळा करू, तितकी शक्ती जास्त. म्हणून शक्ती ही विभवांतराचा वर्ग गुणिले वारंवारता, या प्रमाणात बदलते. रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले होते की ट्रान्झिस्टर लहान करताना विभवांतरही त्याच प्रमाणात कमी केले, तर वारंवारता वाढवूनही दर चौरस मिलिमीटरला निघणारी उष्णता तेवढीच राहते. तीस वर्षे हा नियम उद्योगाने वापरला. पण विभवांतर एका व्होल्टच्या आसपास आल्यावर बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही प्रवाह झिरपू लागला आणि ते आणखी उतरवणे अवघड झाले. तेव्हापासून वारंवारता वाढवायची तर उष्णता सोसावी लागते.

त्यावर तोड निघाली ती एका चिपवर अनेक प्रोसेसर बसवण्याची. त्यांना कोअर म्हणतात. दहा कोअर म्हणजे दहापट वेग असे मात्र समजू नये. जीन अम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला मुद्दा इथे लागू पडतो. समजा एका प्रकल्पाच्या रूपांतराला एका कोअरवर १०० सेकंद लागतात. त्यांतली ९० सेकंदे वेगवेगळ्या फाइलींची, वाटून घेता येणारी. उरलेली १० सेकंदे शेवटच्या जोडणीची आणि ती वाटता येत नाहीत असे धरू. दोन कोअर असतील तर १० अधिक ४५ म्हणजे ५५ सेकंद. चार असतील तर साडेबत्तीस. आठ असतील तर सव्वाएकवीस. सोळा केले तर साडेपंधराच्या किंचित वर. आठाचे सोळा करायला पुष्कळ पैसे मोजले आणि वाचली पावणेसहा सेकंदेसुद्धा नाहीत. आणि कोअर अगणित केले तरी १० सेकंदांच्या खाली कधीच येणार नाही.

शिवाय रोजच्या कामात माणूस सगळा प्रकल्प पुन्हा रूपांतरित करीत नाही. बदललेली एक-दोन फाइल आणि जोडणी, एवढेच होते. तिथे एका कोअरचा वेग कामाला येतो आणि बाकीचे कोअर बसून राहतात.

नावांचीही एक गंमत आहे. आय-५ पेक्षा आय-७ वरचा, हे ग्राहकाच्या मनात पक्के बसलेले असते. पण नावाच्या शेवटी येणारे अक्षर पाहायला हवे. इंटेलच्या २०२२ च्या बाराव्या पिढीतला आय-७ १२५५-यू घ्या. त्यात दोन जोरकस आणि आठ काटकसरी असे दहा कोअर आहेत आणि त्याची मूळ शक्ती १५ वॅट आहे. त्याच पिढीतल्या आय-५ १२५००-एच मध्ये चार जोरकस आणि आठ काटकसरी कोअर, मूळ शक्ती ४५ वॅट. लांब चालणाऱ्या रूपांतराच्या कामात हा आय-५ त्या आय-७ च्या पुढे जातो. उलट आय-७ चा लॅपटॉप हलका असेल आणि विजेविना जास्त वेळ चालेल. कोणते बरे हे कामावर ठरेल, नावावर नाही.

नागपूरचा मे महिना

आता आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आणि पत्रकावर कधीच नसणारा भाग. ४.७ गिगाहर्ट्झ हा आकडा खोटा नसतो, पण तो थोड्या वेळाचा असतो. शंभर मीटर धावणाऱ्याचा वेग सांगून तो मॅरेथॉन किती वेळात पुरी करील असे विचारल्यासारखे ते आहे. काम सुरू झाले की काही सेकंद प्रोसेसर पूर्ण जोराने धावतो. चिप तापते, आणि तापमान १०० अंश सेल्सियसच्या आसपास नेमलेल्या मर्यादेकडे गेले की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. त्यानंतरचा वेग ठरवतो तो पंखा, तांब्याची नळी आणि खोलीतली हवा.

खोलीतली हवा हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम सांगतो की वस्तूतून बाहेर पडणारी उष्णता ही वस्तू आणि भोवताल यांच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असते. पंखा आणि नळी तीच आहे असे धरू. २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत चिप आणि हवा यांत ७५ अंशांचा फरक ठेवता येतो. मे महिन्यात नागपूरला किंवा चंद्रपूरला पत्र्याखालच्या खोलीत ४५ अंश असतील तर उरतो ५५ अंशांचा. म्हणजे तोच लॅपटॉप ७३ टक्केच उष्णता बाहेर टाकू शकेल. संगणकाच्या परीक्षणात छापलेले आकडे बहुधा थंड खोलीतले असतात, हे लक्षात ठेवावे. ॲपलच्या माहितीपत्रकात तर यंत्र १० ते ३५ अंशांत वापरावे असे स्पष्टच लिहिलेले असते. विदर्भात ही अट वर्षातले काही आठवडे पाळता येत नाही.

पण म्हणून वेगही ७३ टक्क्यांवर येईल का? इथे विद्यार्थ्यांना थोडे गणित करू द्यावे. वारंवारता वाढवायची तर विभवांतरही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढवावे लागते. शक्तीच्या सूत्रात विभवांतराचा वर्ग आहे, त्याला वारंवारतेने गुणायचे, म्हणून शक्ती साधारणपणे वारंवारतेच्या घनाच्या प्रमाणात जाते. उलट काढायचे तर ०.७३ चे घनमूळ, सुमारे ०.९०. उष्णता २७ टक्क्यांनी कमी टाकता आली तरी वेग १० टक्क्यांनीच घटतो. हा आदर्श हिशेब आहे. तापलेल्या चिपमधून प्रवाह अधिक झिरपतो, त्यामुळे प्रत्यक्षात नुकसान थोडे जास्त होते. पण घनाचा हा नियम दुसऱ्या बाजूनेही उपयोगी आहे. शक्ती दुप्पट केली तर वेग दुप्पट होत नाही, दोनचे घनमूळ म्हणजे १.२६ पट होतो. तेव्हा जाड, वजनदार आणि घोंघावणाऱ्या लॅपटॉपला उगाच भिऊ नये तसे त्याला भुलूही नये.

हे प्रयोगाने पाहता येते. एखादी मोठी मुक्त आज्ञावली उतरवून घ्या आणि तिचे रूपांतर लागोपाठ दहा वेळा करा. दर वेळी आधीचे अवशेष पुसून टाका, नाहीतर कम्पायलरला करण्यासारखे काही उरणार नाही. घड्याळ लावून वेळ मांडा. पहिल्या दोन-तीन वेळांपेक्षा पुढच्या वेळा जास्त भरतील आणि मग स्थिर होतील. यंत्राचा खरा वेग तो स्थिर झालेला. हाच प्रयोग सकाळी आणि भर दुपारी करावा. लॅपटॉप टेबलावर आणि मग गादीवर ठेवून करावा, गादीने खालची जाळी बुजते. मेक या आज्ञेला एका वेळी किती कामे हाती घ्यायची तो आकडा सांगता येतो. तो एक, दोन, चार, आठ असा बदलून आलेख काढला तर अम्डालचा नियम डोळ्यांनी दिसेल. दहावी-बारावीच्या प्रकल्पाला हा विषय चांगला आहे आणि त्याला साहित्य काहीच लागत नाही.

पंख्याशिवायचे लॅपटॉपही आहेत. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एम-१ ही चिप घालून जो मॅकबुक एअर काढला त्यात पंखा नव्हता. ती चिप एआरएम पद्धतीची आहे. या पद्धतीची पहिली चिप १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत तयार झाली आणि आज ती जवळजवळ प्रत्येक मोबाइल फोनमध्ये आहे. कमी विजेत बरेच काम करण्याची तिची ख्याती आहे. घेण्यापूर्वी एवढेच तपासावे की महाविद्यालयात लागणाऱ्या आज्ञावल्या तिच्यावर चालतात का. उलट, आयफोनसाठी आज्ञावली लिहायची असेल तर ॲपलचाच संगणक लागतो, कारण त्यासाठीचे एक्सकोड हे साधन दुसरीकडे चालत नाही.

वीज, डोळे आणि बोटे

बॅटरी अमुक तास चालते हे विधान जाहिरातीचे असते. पाहायचा तो वॅट-तासांचा आकडा. ५० वॅट-तासांची बॅटरी असेल आणि टाइप करताना यंत्र ८ वॅट घेत असेल तर सव्वासहा तास. सतत रूपांतर चालू असेल आणि ४० वॅट जात असतील तर सव्वा तास. दोन्ही उत्तरे खरी. विमानात विमान कंपनीच्या परवानगीशिवाय १०० वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते, म्हणून लॅपटॉपची बॅटरी त्याहून मोठी बहुधा नसतेच. ज्यांच्या गावी वीज जाते त्यांनी या आकड्यावर थोडे जास्त पैसे घालावेत. लिथियमची बॅटरी पूर्ण भरलेल्या आणि गरम अवस्थेत लवकर म्हातारी होते. यंत्र सदा विजेला जोडलेले राहणार असेल तर ८० टक्क्यांवर भरणे थांबवण्याची सोय बहुतेक नव्या यंत्रांत असते, ती वापरावी.

पडद्याचे गणित सोपे आहे. १४ इंची पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतील तर एका इंचात १५७ ठिपके येतात, म्हणजे एक ठिपका ०.१६ मिलिमीटरचा. निकोप डोळा अर्ध्या मीटरवरून साधारण ०.१५ मिलिमीटरचा तपशील ओळखतो. तेव्हा हा पडदा डोळ्याच्या मर्यादेपाशीच आहे. याहून विरळ पडदा घेऊ नये, विशेषतः देवनागरीत काम करणाऱ्याने. घ आणि ध, भ आणि म यांच्यातली गाठ लहान टायपात एक-दोन ठिपक्यांची असते. १०८० ऐवजी १२०० ओळींचा उंच पडदा मिळाला तर आज्ञावलीच्या पाच-सहा ओळी अधिक दिसतात. कळफलक दुकानात बसून दहा मिनिटे टाइप करून पाहावा, दुसरा उपाय नाही.

वेगळे ग्राफिक्स कार्ड बहुतेकांना लागत नाही. ते घेतले की वजन, उष्णता आणि किंमत तिन्ही वाढतात. यंत्र-शिक्षणाचे प्रयोग करायचे असतील तर त्याचा उपयोग आहे, पण सुरुवातीचे असे प्रयोग इंटरनेटवरून दुसऱ्याच्या यंत्रावर करता येतात. आमच्या प्रयोगशाळेतही तासन्‌तास चालणारी गणिते शेजारच्या खोलीतल्या मोठ्या संगणकावर सोडतात आणि लॅपटॉप फक्त लिहायला वापरतात. ज्याला यंत्र घेऊन कुठे जायचेच नाही त्याने टेबलावरचा संगणक घ्यावा. तेवढ्याच पैशांत तो अधिक वेगवान मिळतो आणि गारही राहतो.

ज्यांच्याकडे नव्यासाठी पैसे नाहीत त्यांची गोष्ट राहिली. विंडोज-१० ची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज-११ ला साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा तिच्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चालू स्थितीतली असंख्य यंत्रे कार्यालये मोडीत काढतात आणि शाळांच्या संगणक-कक्षांतही अशी यंत्रे पडून आहेत. त्यांवर लिनक्स फुकट चढवता येते. सी, पायथन आणि जावा शिकायला ती पुरेशी आहेत. त्यांतल्या पुष्कळांत अजून फिरती हार्ड डिस्क आहे. ती अडीच इंची असेल तर त्याच मापाची एसएसडी त्याच जागी बसते आणि मेमरीची पट्टी बहुधा खाचेत असते. तळाचे झाकण काढायला एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर लागतो. बॅटरी आधी सुटी करावी आणि जुन्या डिस्कवरची माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी. हे काम वर्गात, विद्यार्थ्यांच्या हातून करून घ्यायला हरकत नाही. झाकण उघडे असतानाच पंख्यातली धूळही काढून टाकावी.